वालमन आली

सूड घेऊन काय मिळतं, असं लोक विचारतात. मी सांगते. झोप मिळते. मला ती लई वर्षांनी मिळाली, आणि कशी मिळाली ते सांगायलाच बसले आहे. ह्यात कुणाला क्षमा, मोठं मन, झालं गेलं गंगेला मिळालं असलं काही ऐकायचं असेल तर त्यानं दुसरं दार बघावं.

मी नांदेडजवळच्या लोह्याची. स्थापत्याचा डिप्लोमा केला आणि पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. आमची कचेरी लातूरला, तिच्यावरची मोठी कचेरी नांदेडला. पहिलीच नेमणूक देवणीकडच्या एका योजनेवर मिळाली. तिथली टाकी पायाच्या खड्ड्यापासून वरच्या झाकणापर्यंत माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली. सलवार खोचून रोज शिडी चढायची, सळया मोजायची, मिस्त्र्याशी भांडायची. गावातल्या बायका खालून ओरडायच्या, "अगं बाई, पडशील की!" मी वरून ओरडायची, "पडले तर तुमच्या पाण्यातच पडीन!" टाकी पूर्ण झाली, आणि नेमक्या पाणी चढवायच्या आठवड्यात आमचा साहेब पाहणीला आला.

ह्या साहेबाची ओळख करून द्यायला पाहिजे. मूळचा उदगीरचा. मधली दोन-तीन वर्षं पुण्याला काढली आणि येताना नाकातून बोलायला शिकून आला. आमच्या बोलण्याला हसायचा त्याला भारी नाद. शिपायानं "हाव साहेब" म्हणलं की हा म्हणायचा, "हाव वाईट असते हो. होय म्हणावं." की सगळी कचेरी खी खी करायची. उदगीरला स्वतःच्या आईशी कोणत्या भाषेत बोलत असेल, देव जाणे.

तर हा साहेब टाकीखाली उभा राहिला, गुत्तेदार, मिस्त्री, सरपंच सगळे भोवती, आणि मला म्हणाला, "बाई, परवा पाणी सोडायला पाहुणे येणार. तुम्ही साडी नेसून वर चढणार का? मग खाली उभं राहणाऱ्यांची मोठीच सोय झाली म्हणायची." सगळे हसले. ज्या मिस्त्र्याला मी उन्हात पाणी पाजलं होतं तोही हसला. तोंडातून शब्दच फुटला नाही, खरं सांगते, आणि त्याचाच राग सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी बदलीचा कागद हातात. साइटवरून उचलून लातूरच्या कचेरीत, समान संधी कक्षात. कागद देताना साहेब म्हणाला, "बसा आता सावलीत, आरक्षणाचे बिंदू मोजत." माझ्या टाकीत पाणी चढलं ते मी दुसऱ्याच्या मोबाइलवर बघितलं.

समान संधी कक्ष म्हणजे काय, तर भरतीत, बढतीत, बदलीत कुणावर अन्याय होतो का ह्यावर नजर ठेवायची. कोणती जागा कुणासाठी राखलेली आहे, म्हणजे तिचा बिंदू कोणता, ती दुसऱ्यानं गिळली का? बाईला, दिव्यांगाला, मागासाला त्याचं हक्काचं मिळालं का? न मिळालं तर विचारायचं, आणि उत्तर वर पाठवायचं. कागदावर लई तोलामोलाचं काम. खरं बघाल तर ज्याला कुठं टाकायचं कळत नाही त्याला तिथं टाकायचे. कक्षाची खोली म्हणजे टीसीएल पावडरचं जुनं गोदाम. पाण्यात टाकतात ती पांढरी पावडर. पोती हलवली, वास तिथंच राहिला. डोळे चुरचुरायचे. जो येईल त्याला वाटायचं बाई रडून राहिली. मी रडत नव्हते. मी मुरत होते.

कायदा मी त्या खोलीतच वाचला. दुसरं काम काय होतं? एकेक शासन निर्णय तोंडपाठ केला. बायकांच्या संडासाला कडी नाही, विचार साहेबाला. पायांनी अधू असलेल्या कारकुनाला दुसऱ्या मजल्यावर बसवलं, विचार साहेबाला. साहेब वैतागला. "बाई, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" मी म्हणायची, "तुम्हीच दिलाय हा उद्योग." ज्या खुर्चीत त्यानं मला शिक्षा म्हणून बसवलं होतं तिला दात आहेत हे त्याला उशिरा कळलं. तरी ते नुसते दुधाचे दात होते. तोडण्याजोगं काही हाती लागत नव्हतं. माझा नवरा शाळेत मास्तर आहे. तो म्हणायचा, "तू झोपेत दात खाऊन राहिलीस. एक दिवस साहेब समजून माझाच कान खाशील." माहूरच्या रेणुकेला मी नवस बोलले होते, तोही नवऱ्याला न सांगता. आई, एकदा ह्याला माझ्या हाती दे, खणानारळानं ओटी भरते.

आणि मग भाभी आली.

आमच्या लातूरच्या कचेरीत एक जुना वालमन होता. गल्लीगल्लीचे वाल उघडून पाणी सोडणारा माणूस, त्याला आमच्याकडं वालमन म्हणतात. शहरातल्या जुन्या मुसलमान घरातला. त्याचा आजा पखालीनं पाणी घालायचा, हा चावीनं. वालची चावी म्हणजे खिशातली नव्हे. छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, सळई खाली वालावर बसवायची आणि दोन्ही हातांनी जोर लावून फिरवायची. मग त्या गल्लीला पाणी. लातूरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं वालमनची वाट लोक पाहुण्यापेक्षा जास्त बघतात.

तो माणूस एका सकाळी छातीत कळ येऊन गेला. साहेब घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी, घरात जियारतीला माणसं बसलेली असताना, त्यानं एक कंत्राटी माणूस पाठवला. तो दारात उभा राहून म्हणाला, "चावी सरकारी हाय. जमा करा." दारामागं भिंतीला टेकवलेली चावी तो खांद्यावर टाकून घेऊन गेला. तो कंत्राटी माणूस साहेबाचा सख्खा मेव्हणा होता, आणि त्या दिवसापासून चावीही त्याची आणि कामही त्याचं. काम म्हणजे पगार. पाणी सोडायला तो दुसऱ्याच कुणाला तरी पाठवायचा.

त्या वालमनची बायको ती भाभी. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर आली, माझ्या टीसीएलच्या खोलीत. दोन मुली शाळेत, शिलाई मशीनवर घर चाललेलं. नवरा नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते. अर्ज तिनं दिला होता, नाव यादीत होतं, लिहाय-वाचायला येत होतं. फक्त एक गोष्ट तिच्याविरुद्ध होती, ती म्हणजे वय. पंचेचाळीस पूर्ण झाली की नाव यादीतून निघतं, आणि तिला ती येत्या पावसाळ्यात पूर्ण होणार होती. त्याच्या आत नेमणूक, न्हाईतर कधीच न्हाई.

"कोणती जागा पाहिजे भाभी?"

"त्यांचीच," ती म्हणाली. "चावी घरातून नेली ना मॅडम, ती घरात परत आली पाहिजे."

मी मनात म्हणलं, ही आपल्या जातीची. जात म्हणजे ती नव्हे. राग मुरवणाऱ्यांची.

आम्ही दोघी साहेबाकडं गेलो. तो चारचौघांत बसलेला, चहा चाललेला. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि भाभीकडं न बघता मला म्हणाला, "कशाला त्रास देता यांना? यांच्यात बायका पडद्यात असतात. बुरख्यात गल्लोगल्ली चावी फिरवत हिंडणार का?"

भाभी म्हणाली, "बुरख्याला बाह्या असतात साहेब. हात बाहीर येतात."

एकजण फसकन हसला आणि त्याला चहाचा ठसका लागला. साहेबाला ते झोंबलं. मग त्याला सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "मुळात पदनामच बघा ना. वाल-मन. मन म्हणजे काय? मॅन. पुरुष. वालवूमन असं पद मंडळात आहे का? नाही ना? वाक्य करून बघा. वालमन आला. बरोबर. वालमन आली? छे! व्याकरणातच बसत नाही हो." सगळे हसले. देवणीच्या टाकीखाली हसले होते तसेच, तेच हसू. पण ह्यावेळी माझ्या तोंडात शब्द होते.

म्हणलं, "साहेब, एवढं व्याकरण आमच्या कक्षाला समजत न्हाई. मला वर उत्तर द्यावं लागतं. तेवढं फाईलवर लिहून द्या की."

शहाणा माणूस असता तर थांबला असता. पण ह्याला आपल्या मराठीचा गर्व. हिरव्या शाईचं पेन काढलं आणि माझ्यादेखत झोकात लिहिलं, की 'वालमन' या पदनामातील 'मन' या शब्दाचा अर्थ पुरुष असा होत असल्याने सदर पदी महिलेची नियुक्ती उचित होणार नाही. तसेच ज्या ज्या पदनामात 'मन' आहे ती ती पदे पुरुषांकरिताच समजण्यात यावीत. खाली लफ्फेदार सही. "घ्या," म्हणाला. "वॉचमनचाही प्रश्न मिटवला."

त्या पानाची एक प्रत कक्षात ठेवून फाईल मी मुख्यालयाला पाठवली. मला वाटलं, आता वरून वीज पडणार. परत आली तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं, 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी.' ह्या एका वाक्यावर सरकार चालतं. साहेबानं योग्य ती कार्यवाही केली, म्हणजे फाईल कपाटात टाकली. भाभी दर आठवड्याला यायची, दारात उभी राहायची. "काही कळलं का मॅडम?" न्हाई. "बरं." बरं म्हणून जायची, आणि तिचं ते बरं मला दिवसभर खायचं. ऊन वाढत चाललं होतं. तिचा पावसाळा जवळ येत होता.

मग मंडळाला नवे चेअरमन आले. आले म्हणजे, आल्या. बाई होत्या. चार दिवसांत सगळ्या कचेरीत चेअरमन मॅडम, चेअरमन मॅडम सुरू झालं. चेअरमन आल्या, चेअरमन म्हणाल्या, चेअरमन रागावल्या. कुणाचीही जीभ अडखळली नाही. मी संध्याकाळी भाकरी थापत होते आणि एकदम हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. नवरा आतून म्हणाला, "काय जळलं?"

म्हणलं, "घावला!"

"कोण घावला?"

"चेअर-मन," मी म्हणलं आणि परातीवर हात टेकून हसत सुटले. नवऱ्याला वाटलं बाईला ऊन लागलं.

चेअरमन मॅडम मराठवाड्याच्या आढाव्याला नांदेडला येणार असं ठरलं. आमच्या साहेबाकडं स्वागताची जबाबदारी. त्यानं मोठा फ्लेक्स छापायला दिला, 'माननीय चेअरमन यांचे सहर्ष स्वागत.' फ्लेक्स छापून आला, कचेरीच्या अंगणात पसरला, आणि साहेब वाचायला वाकला. मी खिडकीतून बघत होते. तो वाकला तो वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला आणि माझ्या खिडकीकडं बघितलं. मी हात जोडून नमस्कार केला.

थोड्या वेळानं तो माझ्या खोलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शिंकत शिंकतच आला, टीसीएल कुणाची भीड धरत नाही. मी त्याला डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं.

"ताई," तो म्हणाला. बाईची ताई झाले मी. "ती जुनी टिप्पणी... जरा घाईत लिहिली गेली. ते पान बदलून घेऊ. मी त्या बाईंना शिपाई म्हणून लावून घेतो. उद्याच्या उद्या ऑर्डर. कोणाचंच नुकसान नको."

"अन् वालमनची जागा?"

"ती राहू द्या ना. शिपाई बसून काम आहे. बाईमाणसाला तेच बरं."

मी म्हणलं, विचारून सांगते. तो गेल्यावर बसून राहिले. माझ्या हातात सूड होता, पण भाभीच्या पोटाचा प्रश्न होता. नांदेडला मी ते वाचलं आणि चेअरमन मॅडमनी हसून सोडून दिलं तर? साहेब मग शिपाईही करणार नाही, उलट वय संपेपर्यंत फाईलवर बसून राहील. माझ्या रागापायी तिच्या मुलींचं ताट ओढायचं का? संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. शिपाई पक्कं. वालमन जुगार आहे.

भाभीनं मशीन थांबवली. "शिपाई म्हणजे चहा द्यायचा?"

"हाव."

"त्याला? अन् त्याच्या मेव्हण्याला बी?"

"हाव भाभी."

तिनं दारामागच्या भिंतीकडं बोट केलं. चावी टेकून टेकून तिथला चुना खरवडला होता, लोखंडाचा तांबूस डाग पडला होता. घराला नवा चुना दिला होता, पण तो कोपरा तिनं सोडला होता. "मी ते पुसलं न्हाई मॅडम. तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा."

नांदेडला आम्ही एसटीनं गेलो. अर्ध्या तिकिटात, बायकांना आता अर्धंच असतं. भाभी म्हणाली, "सरकारनं तिकीट अर्धं केलं, साहेबानं माणूस बी अर्धंच धरलं." अहमदपूरला चहा घेतला. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तर माझी आई डबा घेऊन उभी. खिडकीतून देत म्हणाली, "कुणाचं काम हाय गं एवढं?" मी म्हणलं, "माझंच." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "मग सोडू नको."

भाभीला बाहेर बाकावर बसवलं. आत सभागृह गच्च भरलेलं. फ्लेक्स नव्हता. त्याच्या जागी नुसतंच 'सहर्ष स्वागत', घाईत कापडावर रंगवलेलं. सगळ्या योजना झाल्या, मोटारी झाल्या, गळत्या झाल्या. समान संधीचा विषय शेवटचा, नेहमीसारखा. साहेब उठला, "मॅडम, जेवण तयार आहे. हा किरकोळ विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

मी उभी राहिले. "मॅडम, दोन मिनिटं. एका नियमाबद्दल मार्गदर्शन पाहिजे."

त्या म्हणाल्या, "बोला."

मी वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, स्वल्पविरामासकट. 'ज्या ज्या पदनामात मन आहे' इथं आले तेव्हा मागच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला. 'ती ती पदे पुरुषांकरिताच समजण्यात यावीत.' सही कुणाची, तेही वाचलं. आणि बसले.

चेअरमन मॅडम हसल्या नाहीत. मग खुर्ची मागं सारून उठल्या आणि बाजूला झाल्या. "नियम चांगला आहे," म्हणाल्या. "या. बसा इथं. माझ्या पदनामात मन आहे, मला बसता येणार नाही."

काय सांगू! साहेब उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. आणि त्याच्या तोंडातून, त्या नाकातल्या पुण्याच्या मागून, अख्खं उदगीर बाहेर पडलं. "न्हाई न्हाई म्याडम, तसं न्हाई, मला तसं म्हणायचं नव्हतं, म्या ते फकस्त त्या जागेपुरतं..." म्या म्हणाला! मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते, न्हाईतर टाळी वाजली असती. देवणीच्या टाकीखालची सगळी माणसं मला तिथं पाहिजे होती, तो मिस्त्रीसुद्धा.

"उमेदवार कुठं आहे?"

भाभी आत आली. मॅडमनी विचारलं, "चावी फिरवाल का?"

"हाव," भाभी म्हणाली.

त्या 'हाव'ला कुणी हसलं नाही.

नेमणुकीचा कागद त्याच दिवशी तिथंच टाइप झाला, आणि सही साहेबालाच करावी लागली, त्याच हिरव्या शाईनं. मी कागद धरून उभी होते, म्हणलं, "सावकाश साहेब, लफ्फा विसरू नका." मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही मूळच्या अभियंता ना? मग कक्षात काय करता?" म्हणलं, "बिंदू मोजते." त्यांनी काय ते ओळखलं. महिन्याभरात मी पुन्हा साइटवर होते, लातूरच्या पाणीवाटपावर. मेव्हणा घरी बसला. आणि साहेबाची बदली झाली, कुठं, तर माहूरला! मी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आई रेणुके, मी म्हणलं होतं माझ्या हाती दे, तू तर जवळच बोलावून घेतलंस. ओटी भरायला गेले तेव्हा त्याच्या कचेरीत मुद्दाम डोकावले, पाणी मागून प्याले, आणि गड उतरले.

चावी भाभीच्या घरी परत गेली. आणायला मी सोबत होते. मेव्हण्याच्या अंगणात दोन दगडांवर आडवी टाकली होती, तिच्यावर कपडे वाळत घातले होते. भाभीनं कपडे काढून नीट घडी करून त्याच्या बायकोच्या हाती दिले आणि चावी खांद्यावर टाकली. घरी आल्यावर दारामागं, त्या डागावर बरोबर टेकवली. तेव्हा पहिल्यांदा रडली. मुलींनी तिला धरलं. मीही रडले, आणि ह्यावेळी टीसीएलवर ढकलता येत नव्हतं.

माणसानं इथं थांबावं, असं नवरा म्हणतो. झालं की तुझं. पण साहेब पुढं निवृत्त झाला आणि लातूरला, आधीच बांधून ठेवलेल्या घरात राहायला आला. नवी वसाहत. भाग भाभीचा. आता ह्यात माझा काय दोष?

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या वसाहतीत एक वाल गळत होता म्हणून मी बघायला गेले होते. भाभीनं झाकण उचललं होतं, चावी वालावर बसवली होती. गल्लीच्या पाळीला अजून थोडा अवकाश होता. वेळेच्या आधी नाही आणि नंतर नाही, हा भाभीचा शिरस्ता. माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा.

"मॅडम," ताईची मॅडम झाले मी, "आज आमच्या गल्लीची पाळी आहे ना? घरात थेंब नाही हो. वालमन आला नाही अजून."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि भाभीच्या पुढं धरला. "कोण आला न्हाई?"

"वालमन हो."

"साहेब, त्या भागात आमचा असा कुणीच न्हाई."

बादली ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई मागून करवादली, "विचारा की नीट!" भाभी मुठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याही डोळ्यांत असणार.

"नीट सांगा साहेब. आवाज तुटून राहिला."

"वालमन..." तो थांबला. मग उदगीरच्या आवाजात म्हणाला, "वालमन आली न्हाई अजून."

"आली ना," भाभी फोनमध्ये म्हणाली. "तुमच्याच दाराम्होरं उभी हाय. लावा बादल्या."

आणि तिनं चावी फिरवली.